सेनापतीच्या शेजारची खुर्ची

1966 च्या जुलैत अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल हॅरॉल्ड जॉन्सन यांनी पहिल्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे सार्जंट मेजर विल्यम वूलड्रिज यांना व्हिएतनामहून बोलावून घेतलं आणि ‘सार्जंट मेजर ऑफ द आर्मी’ या नव्या पदावर नेमलं. सगळ्या लष्करात असा माणूस एकच असणार होता. शिपायापासून चढत आलेल्या माणसाला याहून वरची जागा नव्हती, तरी त्याच्या हाताखाली पलटण सोडा, साधी तुकडीसुद्धा नव्हती. तो कुणाला हुकूम देऊ शकत नव्हता. सैनिक जिथे असतील तिथे जायचं, ते काय खातात, कुठे झोपतात, कशाला वैतागलेत ते पाहायचं आणि मधल्या एकाही अधिकाऱ्याची गाळणी न लागता ते थेट प्रमुखांच्या कानावर घालायचं, एवढंच त्याचं काम.

जॉन्सन स्वतः दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडले होते. बटानमध्ये युद्धकैद्यांना घडवलेल्या त्या कुप्रसिद्ध, जीवघेण्या पायपिटीतून ते जगले आणि पुढची तीन वर्षं त्यांनी कैदेत काढली. उपाशी माणसांच्या छावणीत खांद्यावरचे तारे फारसे कामाला येत नाहीत. कोण कुणाचं ऐकतो हे तिथे वेगळ्याच रीतीने ठरतं. हा अनुभव गाठीशी असलेल्या जनरलला शेजारी एक सार्जंट हवासा वाटावा, यात मला नवल वाटत नाही.

अमेरिकन सैन्यात ही कल्पना अगदीच नवी नव्हती. 1779 मध्ये फॉन श्टॉयबेन या प्रशियन सेनानीने वॉशिंग्टनच्या फौजेसाठी कवायतीची नियमावली लिहिली, तिच्यात सार्जंट मेजरची कर्तव्यं नमूद आहेत. पण ती एका रेजिमेंटपुरती. सबंध दलासाठी एक माणूस नेमण्याचा मान मरीन कोअरचा. त्यांनी 1957 मध्ये विल्बर बेस्टविक यांना नेमलं. लष्कराने 1966 मध्ये, नौदलाने आणि हवाई दलाने 1967 मध्ये, तर तटरक्षक दलाने 1969 मध्ये तोच कित्ता गिरवला. या तारखा व्हिएतनामच्या युद्धाला समांतर जातात. सक्तीने भरती केलेली तरुण मुलं हजारोंनी जंगलात उतरत होती, मायदेशात युद्धाविरुद्ध रान पेटलं होतं आणि शिस्त आतून पोखरली जात होती. 1973 मध्ये सक्तीची भरती थांबली. आता मुलं स्वखुशीने यायला हवी होती आणि आली तर टिकायलाही हवी होती. मग त्यांची घरं, त्यांचा पगार, बायकोमुलांचा दवाखाना हे सगळे लढाईच्या तयारीचेच प्रश्न झाले. ते प्रश्न नकाशांच्या खोलीत नेणारा माणूस सोबत असणं ही तेव्हापासून गरजच झाली.

अशा पदावरचा माणूस नेमकं काय करू शकतो, हे हवाई दलाच्या पहिल्या चीफ मास्टर सार्जंटच्या कामात नीट दिसतं. पॉल एअरी हे महायुद्धात बी-24 बॉम्बफेकी विमानावर रेडिओ ऑपरेटर होते. विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांच्या कैदेत गेले. 1967 मध्ये पदावर आले तेव्हा खालच्या हुद्द्यांमधली सगळ्यांत जुनी ओरड बढतीची होती. बढती कुणाला मिळाली हे कळायचं, का मिळाली हे कळायचं नाही. चिडलेली मुलं थेट आपल्या काँग्रेस सदस्यांना पत्रं लिहीत. एअरींनी या गोष्टीचा पिच्छा पुरवला आणि त्यातून घडलेली पद्धत 1970 मध्ये लागू झाली. ज्ञानाची परीक्षा, कामाचे अहवाल, सेवेची वर्षं, पदकं अशा प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ज्याची बढती हुकली त्याच्या हातात त्याचं गुणपत्रक पडू लागलं. आपण कुठे कमी पडलो, किती गुणांनी मागे राहिलो, पुढच्या वर्षी काय सुधारायचं, हे त्याला बघता येऊ लागलं. एअरींना एकालाही बढती देण्याचा अधिकार नव्हता, तरी लाखो माणसांच्या बढतीचा व्यवहार त्यांच्या आग्रहाने उजेडात आला. या सबंध विषयात मला सर्वांत मोलाचं उदाहरण हेच वाटतं.

ज्या पदाला हुकूम नाही त्याची सगळी पुंजी म्हणजे विश्वास. तो उडाला की उरतो फक्त गणवेश. हेही अमेरिकेने पाहिलं आणि तेही थेट पहिल्याच माणसापासून. वूलड्रिज 1968 मध्ये पायउतार झाले. पुढच्याच वर्षी सैनिकांच्या क्लबांतल्या गैरव्यवहारांची सिनेटच्या उपसमितीने उघड चौकशी सुरू केली आणि त्यात त्यांचं नाव आलं. ज्या पैशांवर सैनिकाचा विरंगुळा चालायचा त्यातच हात मारल्याचा हा आरोप. 1973 मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. दहावे सार्जंट मेजर जीन मकिनी हे त्या पदावर पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय. लष्करातल्या लैंगिक छळाच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या समितीवर त्यांना नेमलं गेलं, तेव्हा त्यांच्याच जुन्या सहकारी महिलेने त्यांच्याविरुद्ध तोंड उघडलं. पाठोपाठ आणखी महिला पुढे आल्या. 1998 च्या लष्करी खटल्यात 19 पैकी 18 आरोपांतून ते सुटले, न्यायात अडथळा आणल्याच्या एका आरोपावर दोषी ठरले आणि एक हुद्दा खाली आले. खटल्याच्या निकालावर इथे मत देण्याचं कारण नाही. पण आपली तक्रार ज्याच्यापर्यंत पोहोचावी असं सैनिकाला वाटतं, तोच तक्रारीचा विषय झाला तर खालच्या माणसाला जायला जागाच राहत नाही. इतक्या उंचीवर नेमणूक करताना धैर्य आणि कर्तबगारी पाहिली जातेच, पण खाजगी वर्तनही तितक्याच कडकपणे पाहायला हवं, हे सांगायला यापेक्षा अधिक पुराव्याची गरज नाही.

दुसरी मर्यादा म्हणजे वरच्या माणसाची मर्जी. 2005 मध्ये सर्व दलांच्या संयुक्त प्रमुखांच्या अध्यक्षांसाठी असा सल्लागार पहिल्यांदा नेमला गेला. विल्यम गेनी हे ते पहिले. 2008 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2011 पर्यंत ती खुर्ची रिकामीच राहिली. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेची माणसं मरत होती त्याच काळात. एका प्रमुखाला गरज वाटली म्हणून पद आलं, नंतर तशी गरज वाटली नाही म्हणून ते तीन वर्षं थांबलं. सल्लागाराचं असंच असतं. ऐकणारा नसेल तर त्याचं असणं-नसणं सारखं.

म्हणून मला अमेरिकन व्यवस्थेतला एक छोटा भाग फार महत्त्वाचा वाटतो. या सर्वांत वरिष्ठ सार्जंटांना संसदेच्या समितीपुढे बोलावलं जातं, आणि तिथे ते सैनिकांच्या राहणीमानावर साक्ष देतात. समोर लोकप्रतिनिधी, शेजारी कुणी जनरल नाही, विषय बराकीतली बुरशी, पाळणाघरातली प्रतीक्षायादी, पगारातून न भागणारा किराणा. 2023 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने बराकींच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल दिला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी ही मंडळी त्याआधीपासून मांडत होती. बोललेलं नोंदवलं जातं, छापलं जातं आणि पुढच्या वर्षी त्याचा जाब विचारता येतो. प्रमुखाची मर्जी फिरली तरी ती नोंद पुसता येत नाही.

2020 च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर, हवाई दलाचे तेव्हाचे चीफ मास्टर सार्जंट केलेथ राइट यांनी कृष्णवर्णीय सैनिक म्हणून आपली भीती आणि संताप जाहीरपणे लिहिला. एवढ्या वरच्या पदावरून इतकं उघड बोलणं दुर्मीळ. त्यांच्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोअ‍ॅन बास आल्या. अमेरिकेच्या कोणत्याही दलात या जागेवर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला.

बाकीच्या देशांचा फेरफटका थोडक्यात उरकता येतो. ऑस्ट्रेलियाने लष्करासाठी असं पद 1983 मध्ये केलं. ब्रिटनची गोष्ट मात्र चकित करणारी आहे. रेजिमेंटल सार्जंट मेजर म्हणजे ब्रिटिश पलटणीचा कणा. तरुण अधिकारीसुद्धा त्याच्यापुढे जपून बोलतात. तरी सबंध लष्कराचा म्हणून एक सार्जंट मेजर नेमायला ब्रिटिशांना 2015 साल उजाडावं लागलं. ग्लेन हॉटन हे पहिले. पुढे तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या समितीचे पहिले सल्लागारही तेच झाले. पलटणीतली परंपरा कितीही भक्कम असली तरी ती आपोआप मुख्यालयापर्यंत चढत नाही, हे ब्रिटनवरून दिसतं, आणि आपल्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्या टोकाला सोव्हिएत धाटणीची सैन्यं. तिथे सार्जंट म्हणजे सक्तीने भरती झालेला जवान. अनुभवी मधली फळीच नाही, त्यामुळे बारीकसारीक कामही अधिकाऱ्याच्याच गळ्यात. युक्रेनने 2014 नंतर ही घडी मोडून सार्जंटांची फळी उभी करायला घेतली.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय लष्कराच्या पलटणीत सुभेदार मेजर हा जो माणूस असतो, त्याच्या तोडीचं पद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पाश्चात्त्य सार्जंट मेजरपेक्षा त्याचा दर्जा वेगळा. तो कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी, म्हणजे जेसीओ. त्याची नेमणूक राजपत्रात छापली जाते. कंपनी सरकारच्या काळापासून इंग्रज अधिकारी आणि हिंदुस्थानी शिपाई यांच्यामध्ये हा दुवा होता. भाषा, जातपात, सणवार, गावाकडचं भांडण, यातलं काहीच साहेबाला समजत नसे. ते समजून सांगणारा आणि साहेबाचा हुकूम शिपायाला पटेल अशा रीतीने उतरवणारा हा माणूस.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात या दुव्याची कसोटी लागली. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात तुर्कांनी कूतमध्ये कोंडलेल्या 6 व्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपली, घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. हिंदुस्थानी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवण्यात आली, तरी पुष्कळ जण त्याला शिवले नाहीत. परवानगी धर्मगुरूंची आली तरी पंगत साताऱ्याच्या गावात बसायची होती, आणि गाव काय म्हणेल याचं उत्तर तारेत नव्हतं. माणसं हडकत गेली, अंगावर सूज चढली, आणि अगदी शेवटच्या आठवड्यांत बऱ्याच जणांनी ते अन्न घेतलं. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांचा हुकूम अशा ठिकाणी पुरा पडत नाही. इथे आपल्याच मुलखातला, आपल्याच पंगतीतला मोठा माणूस आधी ताटावर बसावा लागतो. सुभेदाराचा शब्द वजनदार का, आणि कधी कधी तोही अपुरा का पडतो, हे कूतवरून कळतं.

तीस वर्षांनी मुंबईत उलटं चित्र दिसलं. कुलाब्याला ‘तलवार’ ही नौदलाची सिग्नल शाळा होती. तिथल्या खलाशांच्या तक्रारी साध्या होत्या: जेवण निकृष्ट, वागणूक अपमानाची, कमांडरच्या तोंडी शिव्या. तक्रारी करून झाल्या, पण वर कुणी ऐकलं नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला त्यांनी जेवण नाकारलं आणि पुढच्या दोन-चार दिवसांत संप 78 जहाजं, 20 किनारी तळ आणि सुमारे 20,000 खलाशांपर्यंत पसरला. त्यामागे स्वातंत्र्याची ऊर्मी होती, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी पेटलेली मनं होती. ते सगळं खरंच. पण ठिणगी पडली ती जेवणाच्या ताटात. त्या ताटाची बातमी अ‍ॅडमिरलपर्यंत नेणारा आणि अ‍ॅडमिरलने ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा एकही माणूस त्या रचनेत नव्हता. खलाशांना शेवटी आपली संप समिती स्वतःच निवडावी लागली.

आजच्या पलटणीत सुभेदार मेजरचा, म्हणजे एसएम साहेबांचा, दिवस कसा जातो, हे अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या फौजींच्या गावात कुठल्याही निवृत्त माणसाला विचारावं. पहाटे पीटीच्या मैदानावर त्यांची नजर असते. मग लंगरात डोकावणं, वरण चाखून बघणं. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ साहेबांबरोबर रोजची बैठक: कुणाची सुटी अडली आहे, कुणाच्या घरी जमिनीचा तंटा चालू आहे, कोण गप्प गप्प राहतो आहे, कुणाची बायको क्वार्टरमध्ये एकटी आजारी आहे. नवा लेफ्टनंट रुजू झाला की पलटणीची रीत त्याला शिकवायची, तीही त्याचा मान राखून. सैनिक संमेलनात काय विचारलं जाणार याचा अंदाज आधीच घ्यायचा. शहीद जवानाच्या घरी कुणाला पाठवायचं तेही तेच ठरवतात. सीओ त्यांना ‘साहेब’ म्हणतात आणि ते सीओंना ‘साहेब’ म्हणतात. तीसेक वर्षांची नोकरी झालेली असते, पलटणीत असा माणूस एकच असतो आणि कारगिलचे परमवीर योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार हेही याच हुद्द्यापर्यंत पोहोचले. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला काहींना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा जाहीर होतो. गावात मग मरेपर्यंत लोक त्यांना कॅप्टन साहेबच म्हणतात.

इतकी खोल रुजलेली संस्था असूनही तिच्यात भेगा दिसल्या आहेत. मे 2012 मध्ये लडाखच्या न्योमात एका तोफखाना रेजिमेंटमध्ये अधिकारी आणि जवान एकमेकांवर धावून गेले. 2017 च्या जानेवारीत जवानांनी आपल्या तक्रारींचे व्हिडिओ मोबाइलवरून देशभर फिरवले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मुख्यालयांमध्ये तक्रारपेट्या ठेवायला लावल्या आणि तक्रारींसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर केला. प्रमुखांना ऐकायचं होतं, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या लष्करात प्रत्येक पलटणीत एक सुभेदार मेजर आहे, तिथे जवानाला पेटीत चिठ्ठी टाकावीशी वाटते याचा अर्थ मधली वाट कुठेतरी तुंबली आहे. माझ्या मते ती दोन ठिकाणी तुंबते. एक, काही सुभेदार मेजर साहेबांच्या मर्जीतले होऊन बसतात. सुटी, ड्यूटी आणि कोर्सची नावं यांवर त्यांचा हात असतो, आणि ज्याच्या हातात वाटप त्याच्याकडे तक्रार करायला माणूस कचरतो. दुसरं, पदविका घेऊन येणारी, फोनवर जग बघणारी मुलं आणि त्यांचे एसएम साहेब यांच्यात एका पिढीहून मोठं अंतर आहे. सिग्नल्स आणि ईएमईसारख्या तांत्रिक शाखांत तर ते फारच जाणवतं.

पण माझा खरा मुद्दा पलटणीच्या वरचा आहे. पलटणीत एसएम साहेबांचा शब्द खणखणीत असतो. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी पायरी चढत जावी तसा तो क्षीण होत जातो. मिलिटरी सर्व्हिस पे या भत्त्याचंच घ्या. सातव्या वेतन आयोगाने अधिकाऱ्यांना महिना 15,500 रुपये दिले आणि जेसीओंना जवानांइतकेच 5,200. तीस वर्षं सेवा झालेल्या, राजपत्रित असलेल्या माणसाला कालच्या रंगरुटाइतकाच भत्ता. लष्कराने जेसीओंसाठी तो वाढवून मागितला. 2018 च्या डिसेंबरमध्ये अर्थ मंत्रालयाने नकार दिला. या व्यवहारात जेसीओंची बाजू मांडणारे अधिकारी प्रामाणिकच असतील. पण ज्यांच्या ताटातली ही गोष्ट, त्यांच्यातलं कुणी टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलेलं नव्हतं.

हुकुमाची साखळी मोडेल, हा प्रमुखांच्या शेजारी असा माणूस बसवण्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पलटणीच्या सीओला डावलून बातम्या वर जाऊ लागल्या तर तो दुबळा होईल. पण सार्जंट मेजर ऑफ द आर्मी एका जवानाची एक तक्रार घेऊन जात नाही. तो शंभर ठिकाणी ऐकलेल्या एकाच गोष्टीचा सारांश घेऊन जातो आणि एखाद्या सीओचं नावही घेत नाही. पलटणीतला दोष पलटणीत सुटावा. धोरणातला दोष पलटणीत सुटूच शकत नाही, आणि तो सोडवणारी माणसं दिल्लीत बसतात.

14 जून 2022 ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न आणखी निकडीचा केला आहे. चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची परतणार. कुणाला ठेवायचं याचा पाया खालच्या कमांडरांनी दिलेल्या गुणांत असणार, म्हणजे नाईक, हवालदार आणि सुभेदारांच्या शब्दाला आजवर नव्हतं एवढं वजन येणार. एकाच बराकीतली चार मुलं एका जागेसाठी एकमेकांकडे कशी बघतील, सोबत्याला पाठीवर घेऊन गोळीबारातून आणण्याची रीत या हिशेबात कशी टिकेल, हे रोजच्या रोज पाहणारे डोळे सुभेदारांचे आहेत. हुकलेल्या मुलाला त्याचं गुणपत्रक हातात मिळावं, नीट समजावून सांगितलं जावं, हा आग्रह एअरींप्रमाणे इथेही कुणीतरी धरायला हवा. 2023 च्या जानेवारीत प्रशिक्षणाला लागलेल्या लष्कराच्या पहिल्या तुकडीतला एखादा मुलगा कायम होऊन सुभेदार मेजर होईल, तेव्हा 2050 चं दशक उजाडलेलं असेल. तोवर थांबण्यासारखी ही गोष्ट नाही.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आज सचिव आणि वरिष्ठ सेनाधिकारी जातात. सेवेतल्या सुभेदार मेजरला तिथे बसवायचं तर नियम, शिस्त, राज्यशिष्टाचार असे दहा प्रश्न उभे राहतील आणि ते सोडवायला वेळ लागेल. पण नुकत्याच निवृत्त झालेल्या पाच-सहा सुभेदार मेजरांना, नौदलाच्या मास्टर चीफ पेटी ऑफिसरांना आणि हवाई दलाच्या मास्टर वॉरंट ऑफिसरांना बोलावून अग्निपथावर, क्वार्टरांवर, सर्व्हिस पेवर विचारायला नवं पदही नको आणि नवा कायदाही नको. साक्षीदार बोलावण्याचा अधिकार समितीला आहे. येत्या अर्थसंकल्पी अनुदानांच्या छाननीपासून तो वापरता येईल.